आमच्याकडे पोपट? छे!

मला वाटलं होतं, मी बनारसला परत येईन, पिंजऱ्यांची दारं उघडीन आणि लोक म्हणतील, "बरं झालं बाई, कोणीतरी हे सांगायला हवंच होतं." प्रत्यक्षात लोक म्हणाले, "बरं झालं बाई, तू आलीस. आमचा मिठू शेंगदाण्याला तोंड लावत नाहीये. बघ जरा."

मी नेदरलँड्समध्ये शिकले. जखमी पक्षी बरे करायचे, त्यांना परत उडायला लावायचं आणि मोकळं सोडायचं, हे ते शिक्षण. तिथल्या गारठलेल्या बागांमध्ये आपलेच पोपट थव्याने राहतात. हो, हेच! हिरवे, लाल चोचीचे, गळ्यात पट्टा असलेले. कधीकाळी कुणाच्या तरी पिंजऱ्यातून सुटलेले आणि तिथलेच झालेले. बर्फ पडत असताना पानं गळलेल्या झाडावर बसून ते कचाकचा भांडायचे आणि मी खाली उभी राहून रडवेली व्हायचे. यांचे भाऊबंद माझ्या गावात बादलीएवढ्या पिंजऱ्यात बसून मिरच्या खातायत! तिथल्या तिथे ठरवलं, परत जायचं.

आता परत येऊन बरेच दिवस झालेत. पोपटांचे किस्से मला गोळा करावे लागत नाहीत. ते आपोआप साचतात, आमच्या गच्चीवरच्या टाकीत शेवाळं साचतं तसे. घासून काढावं तर खाली नवं तयार. तिकडच्या मैत्रिणींना सांगते तेव्हा त्या हसून हसून लोळतात. सांगताना मीही हसते. घडत असताना मात्र हसू येत नाही.

*

पहिला किस्सा घरातलाच.

माझे बाबा बँकेतून रिटायर झालेले. बदली होऊन साताऱ्याहून इथे आले आणि मग परत गेलेच नाहीत. मुन्शी घाटामागच्या गल्लीत तिसऱ्या मजल्यावर आमचं भाड्याचं घर. आई गेली, त्याच्या पुढच्या वर्षी मी शिकायला गेले, तेव्हापासून बाबा घरात एकटे. फोनवर मात्र कायम 'आम्ही'!

"बाबा, कसे आहात?"

"मजेत आहोत आम्ही. ठेव तू, उशीर होतोय तुला."

मला वाटायचं, बँकेतली सवय असेल. सर्क्युलरमध्ये 'आम्ही'च लिहितात.

तर मी विमानतळावरून घरी आले. बॅग खाली ठेवते न ठेवते तोच बाबांनी कोपऱ्यातल्या एका वस्तूवरची चादर ओढली.

"घे! तुला पक्षी आवडतात ना!"

पिंजरा. आत पोपट.

मी बघतच राहिले. पूर्ण वाढलेला नर होता, गळ्यात पट्टा, उडायची पिसं कात्रीने सरळ रेषेत कापलेली.

"कधी आणलात?"

"हे काय, मागच्याच आठवड्यात. तू येणार म्हणून."

मी उभ्या उभ्याच सुरू झाले. देशी पोपट पाळणं हा गुन्हा आहे. विकणं गुन्हा, विकत घेणंही गुन्हा. यासाठी तुरुंगात जावं लागू शकतं. अभ्यास करून आलेली मुलगी पहिल्याच दिवशी गुन्हेगाराच्या घरात उतरते, म्हणजे काय! वगैरे वगैरे.

बाबांनी सगळं ऐकून घेतलं.

"खरंय," ते म्हणाले. "आधी चहा घे. मग पोलिसांना फोन कर."

पोलिसांना मी फोन केला नाही. पण एक गोष्ट मला बरी वाटत होती. पोपट मोठा होता आणि बाबांच्या सांगण्याप्रमाणे नुकताच आलेला होता. म्हणजे तो रानातूनच पकडलेला असणार. असा पक्षी परत जाऊ शकतो. पिसं नवी यायला काही महिने लागतात, तेवढी वाट पाहायची. पक्षी वाचवणारी एक संस्था माझ्या ओळखीची झाली होती. ते लोक त्याला न्यायला, थव्यात मिसळवायला आणि सोडायला तयार होते.

"पिसं आली की सोडायचा," मी म्हटलं. "तोवर त्याला नाव ठेवायचं नाही. नाव ठेवलं की जीव गुंततो."

"बरं," बाबा म्हणाले.

बाबांचं 'बरं' म्हणजे होकार नसतो आणि नकारही नसतो. ती पोच असते, कागद मिळाल्याची.

दुसऱ्या दिवशी ऐकलं, बाबा पिंजऱ्याशी उभे राहून म्हणत होते, "साहेब, पेरू."

"बाबा! हे नाव झालं!"

"नाव कुठलं? हुद्दा आहे."

*

आमचं मराठी मंडळ म्हणजे उरलेली मोजकी घरं. म्हातारे मराठी बोलतात, मधल्या पिढीला समजतं आणि नातवंडं हिंदीत उत्तर देतात. गणपतीत सगळे एकत्र येतात. त्यात त्या वर्षी कार्यक्रम कमी पडत होते म्हणून मला भाषण मिळालं.

मी जीव तोडून बोलले. पडद्यावर चित्रं दाखवली. पिल्लं घरट्यातून कशी ओढून काढतात, पोत्यात कशी कोंबतात, त्यातली किती बाजारापर्यंत पोचायच्या आधीच मरतात. समोर दोन बायका डोळे पुसत होत्या. मनात म्हटलं, झालं, जिंकलं!

शेवटी विचारलं, "काही प्रश्न?"

दातार काकूंनी हात वर केला. काकू मंडळाच्या खजिनदार, सगळ्यांच्या घरातलं सगळं त्यांना ठाऊक.

"सगळं अगदी पटलं ग," पदर डोळ्याला लावत त्या म्हणाल्या. "फक्त एवढंच सांग, नवीन आणायचा झाला तर नर चांगला बोलतो की मादी?"

त्यानंतर गर्दी झाली. माझ्याभोवती नव्हे, पडद्याभोवती. रानातले पोपट काय काय खातात याचं एक चित्र मी दाखवलं होतं, त्याचे सगळे जण फोटो काढत होते.

दिवाळीपर्यंत मंडळातले पोपट वाढले! "केतकीनं किती छान समजावून सांगितलं," लोक एकमेकांना सांगत होते. "त्याआधी आम्हाला हिंमतच होत नव्हती."

*

त्या वाढलेल्यांपैकी एक आठल्ये सरांचा.

सरांनी आयुष्यभर तर्कशास्त्र शिकवलं. पुराव्याशिवाय काही मानायचं नाही हा बाणा. सून म्हणाली चहात साखर घातली आहे, तरी घोट घेऊन मगच मान्य करणार. अशा सरांनी बाजारातून 'पहाडी' पोपट आणला. खांद्यांवर लाल ठिपके असलेला, भारी जातीचा, बोलण्यात पटाईत म्हणून विकला जाणारा.

एके दिवशी सकाळी सरांचा फोन. "केतकी, ताबडतोब ये! रक्त!"

मी औषधांची पिशवी घेऊन धावले. गल्लीत म्हशीला धडकले, फुलवालीच्या शिव्या खाल्ल्या. वर जाऊन बघते तर मोठ्या परातीत लालभडक पाणी आणि मध्ये पोपट मजेत पंख झाडतोय. माझ्या भाषणात सरांनी ऐकलं होतं की रानात पक्षी पावसात आंघोळ करतात. त्यांनी त्याला परातीत बसवलं होतं.

खांदे हिरवेगार! लाल ठिपके परातीत उतरले होते.

सर मला घेऊन तडक विकणाऱ्याकडे गेले. त्याने पोपटाकडे पाहिलं, मग सरांकडे पाहिलं आणि अतीव दुःखाने म्हणाला, "अरे गुरु, नहलाए काहे? तोता है कि घाट का पंडा?"

आम्ही परत आलो. दाराशी आल्यावर सर म्हणाले, "त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे. आंघोळीच्या आधी तो पहाडीच होता."

मी सरांना सांगितलं की तो रंग पिसं साफ करताना पोटात गेलेला असणार, दवाखान्यात न्यायला हवं. सर म्हणाले, लक्षणं दिसली की नेऊ.

लक्षणं दिसायच्या आतच तो मेला. हे मला सरांनी कळवलं नाही. कळलं, ते त्यांनी दुसरा आणल्यावर.

*

म्हणून मी एका दुपारी न कळवता त्यांच्याकडे गेले.

बाल्कनीत काहीतरी उंच होतं, त्यावर धोतर पांघरलेलं.

"सर, ते काय?"

"धोतर वाळत घातलंय."

"पिंजऱ्यावर?"

"पिंजरा?" सर दुखावल्यासारखे म्हणाले. "आमच्याकडे पोपट? छे!"

तेवढ्यात धोतराखालून कुकरची शिट्टी झाली. लांबलचक, अस्सल, शेवटी फुसफुस करत विझणारी.

"वरण लावलंय," सर म्हणाले.

"बाल्कनीत?"

"स्वयंपाकघरातलंच आहे. आवाज तिकडून घुमतो."

दुसरी शिट्टी झाली. तिसरी झाली. आम्ही दोघं समोरासमोर बसून शिट्ट्या ऐकत होतो. सर अधूनमधून गंभीरपणे मान हलवत होते, डाळ अजून कच्ची असल्यासारखी.

इतक्यात दार उघडून सून आत आली. दोन्ही हातांत पिशव्या, घामाघूम.

"बाबा, गॅसवाला येऊन गेला का? सकाळपासून चूल बंद आहे!"

धोतराखाली आणखी एक शिट्टी झाली.

ही युक्ती मंडळात पसरायला वेळ लागला नाही. मी ज्या घरी जाईन तिथे काहीतरी झाकलेलं. कुठे चादर, कुठे शाल, एका घरी तर गणपतीचं मखर पालथं घातलेलं. आणि दारातच तेच वाक्य. "आमच्याकडे पोपट? छे!" मी त्यांना सोडवायला आले होते. माझ्या पायगुणाने त्यांचा उजेडही गेला.

*

दातार काकूंनी मात्र कधी काही झाकलं नाही. त्यांना गरजच नव्हती. त्यांचा राघू म्हणजे मंडळाचा मानबिंदू. त्यांच्या सासऱ्यांच्या वेळचा! सासरे गेले, सासूबाई गेल्या, दातार काका गेले, राघू आहे. लोक नव्या सुनांना त्याच्या पाया पडायला नेतात.

मी पाहायला गेले. इतका म्हातारा पोपट पाहायला मिळणं म्हणजे भाग्यच. पिंजऱ्यात वाकून पाहिलं. पुन्हा पाहिलं.

"काकू," मी म्हटलं, "ही मादी आहे. आणि अगदी कोवळी आहे. वर्षाचीसुद्धा नसेल."

काकूंनी आधी आतल्या खोलीकडे पाहिलं. नातू मोबाइलवर काहीतरी बघत बसला होता. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "हळू बोल. मागचा राघूही मादीच होती म्हणे."

मग मला सगळं कळलं. त्या घरात राघू मेला की घरातला कर्ता माणूस कुणी उठायच्या आत त्याला गंगेत सोडून येतो आणि बाजारातून दुसरा आणून त्याच पिंजऱ्यात, त्याच दांडीवर बसवतो. सासऱ्यांनी केलं, काकांनी केलं, आता काकू करतात. नातवाला अजून सांगायचं आहे.

"पण कशासाठी, काकू?"

"अग, घरातला राघू मेला असं घरात म्हणायचं नसतं. सासूबाई म्हणायच्या, आपल्या घरात राघू मरत नाही."

लांबलांबून माणसं मरायला या गावात येतात. इथे मरण आलं की सुटका होते म्हणून मणिकर्णिकेजवळ खोल्या घेऊन वाट बघत बसतात. राघूला मात्र या गावात मरायचीही परवानगी नाही.

हे मी काकूंना बोलून दाखवलं. जरा आवाज चढवूनच.

काकू शांतपणे पिंजऱ्यात मिरची खोचत म्हणाल्या, "तू चिडू नकोस. याच्या वेळेला तुलाच सोबत नेईन बाजारात. तुला पारख आहे."

*

आणि मग मोघे काका.

मोघे काका रेल्वेत गार्ड होते. एका सकाळी त्यांचा फोन आला. "केतकी, तुझं म्हणणं मला पटलं. मी माझा पोपट मुक्त करतोय! एकादशीला, राजा घाटावर. तू ये."

एवढ्या दिवसांत 'पटलं' म्हणून तसं वागणारा हा पहिला माणूस! मला काय करू नि काय नको असं झालं. मग आठवलं, त्यांच्या पोपटाचेही पंख कापलेले आहेत.

"काका, पिसं येऊ द्या. आत्ता तो उडू शकणार नाही."

"अग, मुहूर्त काढलाय."

एकादशीला घाटावर पोचले तेव्हा पिंजऱ्याला झेंडूची माळ घातली होती. गुरुजी होते, नातेवाईक होते, व्हिडिओ घ्यायला भाची होती. मी काकांच्या हाताला धरलं, गुरुजींना विनवलं. गुरुजी म्हणाले, "बिटिया, संकल्प हो गया है।"

पिंजरा उघडला. पोपट बाहेर येईना. शेवटी पिंजरा तिरका करून त्याला ओतला.

तो पायरीवर उभा राहिला. इकडेतिकडे पाहिलं. आणि चालायला लागला! एकेक पायरी उतरत, नदीच्या दिशेने, एखादं म्हातारं माणूस आंघोळीला निघावं तसा.

"हर हर महादेव!" सगळे ओरडले.

खाली पक्षी विकणारा बसलाच होता. यात्रेकरूंनी पक्षी विकत घ्यायचे, सोडायचे आणि पुण्य मिळवायचं, असा हा धंदा. त्याने नुसता गमछा टाकला, पोपट उचलला आणि टोपलीत घातला. मी ओरडत खाली पळेपर्यंत कुठल्या तरी लांबच्या गावच्या कुटुंबाने तो विकत घेऊन नमस्कार करायला सुरुवात केली होती. ते नावेत बसले. पोपटही.

"काका! तो गेला! त्याला परत पकडलं!"

मोघे काका डोळे मिटून उभे होते. "मी सोडला," ते म्हणाले. "पुढे त्याचं प्रारब्ध."

त्याच महिन्यात त्यांच्या खिडकीत नवा पोपट दिसला. मी तडक जिना चढून वर गेले.

"काका, हे काय?"

"अग, हा पाळायला नाही," काका समजावणीच्या सुरात म्हणाले. "हा पुढच्या एकादशीसाठी."

त्या दिवशी मी संस्थेतल्या तिवारीजींना फोन केला. मोघे काकांकडचा पहिला पोपट 'राम राम' म्हणायचा. समजा, तो सापडलाच असता तर तो रानात जगला असता का?

"जो आदमी की बोली बोलने लगा, उसको झुंड नहीं लेता, दीदी," तिवारीजी म्हणाले. "वो लौटकर किसी की खिड़की पर ही आएगा। ऐसे को हम भी नहीं छोड़ते।"

"मग त्याचं काय करता?"

तिवारीजी म्हणाले, "पिंजरा थोड़ा बड़ा है हमारे यहाँ।"

*

उरला आमचा पोपट.

त्याच्यावर माझी सगळी भिस्त होती. एवढ्या सगळ्या फजितीत निदान एक तरी पक्षी मी हाताने आकाशात सोडणार होते. आणि तो होताही तसाच! रानातला, आपला आब राखून असलेला. मी जवळ गेले की दांडीच्या टोकाला सरकायचा. माझ्यासमोर त्याच्या तोंडून कधी शब्द आला नाही. शिट्टीसुद्धा नाही.

बाबा त्याचं सगळं करायचे, पण माझ्या नियमाने. मिरची बंद, पेरू चालू. पिंजरा बदलून मोठा आणला. फक्त एका बाबतीत ते हट्टी होते. फोन वाजला की हातातलं काम टाकून आधी पिंजऱ्यावर चादर टाकायचे, मग फोन घ्यायचे.

"घाबरतो तो आवाजाला," ते म्हणाले.

मला कौतुकच वाटलं. मी शिकून आले, ते बाबांना न शिकता कळत होतं.

बाकी बाबा पूर्वीसारखेच. त्यांच्या जुन्या शर्टांची वरची बटणं कुणीतरी कुरतडल्यासारखी होती. मी धोब्याला झापलं. बाबा म्हणाले, जाऊ दे, म्हातारा झालाय तो.

हळूहळू नवी पिसं आली. पिंजऱ्यात पंख पसरले की ते दोन्ही बाजूंना टेकायचे. तिवारीजींचा माणूस सकाळी न्यायला येणार असं ठरलं. बाबांना सांगितलं.

"बरं," बाबा म्हणाले आणि आदल्या संध्याकाळी पिशवी घेऊन भाजीला गेले. आरतीच्या घंटा सुरू झाल्या तरी आले नाहीत.

फोन वाजला. चादर टाकायला बाबा नव्हते. मी तशीच बोलले.

"दीदी, कल सुबह आदमी आ रहा है," तिवारीजी म्हणाले. "पक्का जंगली है न? बोलता तो नहीं?"

"एक शब्द नहीं," मी अभिमानाने म्हटलं. "रखती हूँ।"

फोन ठेवला. पिंजऱ्यात कुणीतरी घसा खाकरला.

बाबांचं खाकरणं. आधी एकदा छोटं, मग एकदा मोठं. मी दाराकडे पाहिलं. दारात कोणी नव्हतं.

"हॅलो! आवाज येतोय का?"

बाबांचाच आवाज. मग समोरचं माणूस बोलत असावं इतकी शांतता.

"जेवलीस ना?"

पुन्हा शांतता. पोपट मान तिरकी करून ऐकत होता.

"हो, हो. मजेत आहोत आम्ही. ठेव तू, उशीर होतोय तुला."

मग फोन बंद झाल्यावर वाजतो तो बारीक टुंग. तोसुद्धा हुबेहूब. आणि बऱ्याच वेळाने, खालच्या पट्टीत, "झालं. चला साहेब, जेवू या."

बाबा आले तेव्हा मी दिवा लावायचीही विसरले होते. त्यांनी दिवा लावला. आधी घडी घातलेल्या चादरीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"फोन आला होता?"

"हो."

"बरं," ते म्हणाले. पिशवीतून पेरू काढला, धुतला, चिरला. एक फोड पिंजऱ्यात ठेवली, एक माझ्या हातात दिली आणि एक स्वतः खाल्ली.

सकाळी बाबा दूध आणायला गेले असताना दारावर थाप पडली. संस्थेचा माणूस होता, तीन मजले चढून धापा टाकत. काखेत भोकं पाडलेला खोका.

"दीदी, तोता लेने आए हैं।"

"तोता?" मी म्हटलं. "हमारे यहाँ? नहीं तो।"

तो गोंधळला. खोका खाली ठेवून त्याने खिशातून मोबाइल काढला आणि त्याच्याकडचा नंबर लावला. आत टेबलावर माझा फोन वाजायला लागला.

आतून कुणीतरी घसा खाकरला.

"हॅलो! आवाज येतोय का?"

त्या माणसाने माझ्या खांद्यावरून आत डोकावायचा प्रयत्न केला. त्याच्या मागे, दोन पायऱ्या खाली, बाबा दुधाची पिशवी धरून उभे होते.

"अंदर कौन है?"

"पिताजी हैं हमारे," मी म्हटलं. "फोन पर बात कर रहे हैं।"